कथेची मालकी : ऑस्कर मिशोची वाट



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी या गावात फिल्म सोसायटी उभी केली ती वर्गणीच्या पावत्या स्वतः घरोघर जाऊन फाडून. चांगला सिनेमा बघायचा तर आधी पैशांची सोय बघावी लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी मी असा एक निर्माता-दिग्दर्शक निवडला आहे, ज्याची सबंध कारकीर्द दारोदार फिरून उभी राहिली. त्याचं नाव ऑस्कर मिशो. १९१९ ते १९४८ या काळात त्याने चाळीसच्या आसपास चित्रपट लिहिले, दिग्दर्शित केले आणि स्वतः गावोगाव नेऊन विकले. हॉलिवूडच्या पडद्यावर काळ्या माणसाच्या वाट्याला नोकराची, विदूषकाची नाही तर गुंडाची भूमिका येत होती. त्याच काळात हा गृहस्थ काळ्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या, शिक्षिकांच्या, शेतकऱ्यांच्या आणि लबाड पाद्र्यांच्या गोष्टी पडद्यावर आणत होता.

मिशोचा जन्म २ जानेवारी १८८४ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झाला. त्याचे वडील केंटकीत गुलाम म्हणून जन्मले होते. म्हणजे गुलामगिरी त्याच्यापासून एकाच पिढीच्या अंतरावर होती. घर शेतकऱ्याचं, भावंडं पुष्कळ. सतराव्या वर्षी तो शिकागोला आला आणि मिळेल ते काम करू लागला. शेवटी पुलमन कंपनीच्या झोपण्याच्या डब्यांवर त्याला पोर्टरची नोकरी लागली.

या नोकरीपाशी थोडं थांबायला हवं. पुलमनचे पोर्टर बहुतेक सगळे काळे. प्रवाशांची अंथरुणं घालायची, बूट पुसायचे, रात्री-अपरात्री हाक आली की धावायचं. गोरे प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. स्वतःच्या नावाने हाक मारून घेण्याचाही हक्क या माणसांना नव्हता. पगार तुटपुंजा, सगळी मदार बक्षिशीवर. पण या कामातून मिशोला दोन गोष्टी मिळाल्या. फुकटात सगळा देश बघायला मिळाला, आणि पैसेवाला गोरा माणूस कशाने खूश होतो, कशाने बिचकतो, खिशात हात कधी घालतो, हे जवळून कळलं. पुढे थिएटरमालकांशी सौदा करताना त्याला याच विद्येचा उपयोग झाला.

बक्षिशीचे पैसे साठवून त्याने १९०५ च्या सुमारास दक्षिण डकोटातल्या ग्रेगरी परगण्यात जमीन घेतली. रोझबड आरक्षित प्रदेशातली ही जमीन सरकारने वसाहतीसाठी नुकतीच खुली केली होती. ती मुळात लाकोटा लोकांची. गुलामाच्या मुलाला जमीनमालक होण्याची संधी मिळाली ती दुसऱ्या एका समाजाच्या तोंडचा घास काढून, ही गोष्ट मिशोचा गौरव करतानाही नजरेआड करता कामा नये. त्याने स्वतः मात्र या बाजूने फारसा विचार केलेला दिसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे नांगर होता. आजूबाजूचे जवळपास सगळे शेतकरी गोरे. हा काळा पोरगा वर्षभरात पळून जाईल असा त्यांचा अंदाज होता. त्याने मोठं क्षेत्र लागवडीखाली आणलं आणि शेजाऱ्यांचा आदर मिळवला.

मग संसार मोडला. १९१० मध्ये त्याने शिकागोच्या एका पाद्र्याच्या मुलीशी लग्न केलं. मूल जन्मतःच गेलं, बायको माहेरी निघून गेली, आणि या सगळ्याच्या मुळाशी सासरा आहे अशी मिशोची आयुष्यभराची खात्री झाली. त्यात दुष्काळ पडला आणि जमीन हातची गेली. तिशीही न गाठलेल्या या शेतकऱ्याकडे विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरली होती ती त्याच्या आयुष्याची गोष्ट.

१९१३ मध्ये त्याने ‘द कॉन्क्वेस्ट’ हे पुस्तक काढलं. लेखकाचं नाव न घालता, नेब्रास्कातल्या लिंकन शहरी, पदरमोड करून. अर्पणपत्रिका काळ्या समाजाचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांना. याच वर्षी मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. मिशोच्या हातात अजून कॅमेरा नव्हता, पण माल स्वतः तयार करायचा आणि स्वतःच विकायचा ही रीत त्याने या पुस्तकापासूनच धरली. आगाऊ मागण्या गोळा करायच्या, त्या दाखवून छापखान्याकडून काम करून घ्यायचं, मग पुस्तकांचे गठ्ठे घेऊन शेतावर, दुकानात, चर्चमध्ये जायचं. गिऱ्हाइकं बहुतेक गोरी. १९१७ मध्ये त्याने तीच आत्मकथा नव्याने, कादंबरीच्या रूपात मांडली : ‘द होमस्टेडर’. त्यात काळ्या शेतकऱ्याचं शेजारच्या स्कॉटिश कुटुंबातल्या मुलीवर प्रेम बसतं. वंशाची भिंत आड येते, आणि शेवटी कळतं की त्या मुलीच्याही अंगात काळं रक्त आहे. हीच कहाणी मिशो पुढे पुन्हा पुन्हा सांगत राहिला. १९१९ च्या पहिल्या चित्रपटात तीच, १९३१ च्या ‘द एग्झाइल’ या बोलपटात तीच, चाळीसच्या दशकातल्या कादंबरीत तीच आणि १९४८ च्या शेवटच्या चित्रपटातही तीच. काही अभ्यासकांना यात कल्पनेचं दारिद्र्य दिसतं. मला तसं वाटत नाही. डकोटातली ती काही वर्षं हीच त्याची खरी कमाई होती आणि ती त्याने कधी कुणाकडे गहाण टाकली नाही.

गहाण टाकण्याची वेळ मात्र आली होती. त्या काळी ‘लिंकन मोशन पिक्चर कंपनी’ ही काळ्या मंडळींनी चालवलेली चित्रपट कंपनी होती. नोबल जॉन्सन हा नट आणि त्याचा भाऊ जॉर्ज यांनी ती १९१६ मध्ये काढली होती. जॉर्ज ओमाहाला टपालखात्यात कारकुनी करत करत कंपनीचं वितरण सांभाळायचा. १९१८ मध्ये त्याने ‘द होमस्टेडर’चे हक्क मागितले. कुणीही नवा लेखक हुरळून गेला असता. मिशोने अट घातली की चित्रीकरणावर देखरेख माझी राहील. ज्याने आयुष्यात कधी कॅमेऱ्यामागे उभं राहून पाहिलं नव्हतं, त्याची ही अट! कंपनीने ती मानली नाही, तेव्हा मिशोने हक्क द्यायला नकार दिला. बोलणी फिसकटली आणि मिशोने स्वतःचीच ‘मिशो फिल्म अँड बुक कंपनी’ काढली. भांडवलासाठी तो कुणाकडे गेला असेल? सू सिटी या शहराच्या पंचक्रोशीतल्या त्याच गोऱ्या शेतकऱ्यांकडे, ज्यांना त्याने पुस्तकं विकली होती. त्यांच्या गळी त्याने शेअर उतरवले. फेब्रुवारी १९१९ मध्ये शिकागोत ‘द होमस्टेडर’ झळकला. आफ्रिकन-अमेरिकन माणसाने बनवलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून इतिहास त्याची नोंद घेतो. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

श्रोतेहो, मला आज जे सांगायचं आहे ते या नकारात आहे. आपल्याकडे जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे यावर घराण्यांची नशिबं ठरली. मिशोने आपल्या कथेचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढू दिला नाही, अगदी आपल्याच समाजातल्या सज्जन माणसांच्या नावावरही नाही. या हट्टाची किंमत त्याने तीस वर्षं मोजली. त्याच्या चित्रपटांतली गबाळी मांडणी, अडखळणारे नट, उसनवारीची घरं आणि फर्निचर, हे सगळं त्याच किमतीतलं आहे.

आता त्याच्या दुसऱ्या चित्रपटाकडे वळतो आणि तिथे जरा रेंगाळतो, कारण तो आपल्याला आज बघता येतो. १९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला होता. तांत्रिकदृष्ट्या भव्य, आणि वृत्तीने विषारी. त्यात काळे पुरुष गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूवर टपलेले दाखवले आहेत आणि कू क्लक्स क्लान ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना तारणहार म्हणून घोडे दौडवत येते. त्यानंतर १९१९ च्या उन्हाळ्यात शिकागोत वांशिक दंगल उसळली. अडतीस माणसं मारली गेली, त्यांतली तेवीस काळी. दंगलीला सहा महिने होतात न होतात तोच, जानेवारी १९२० मध्ये, मिशोने त्याच शहरात ‘विदिन अवर गेट्स’ आणला. झुंडीने टांगून माणसं मारण्याचं दृश्य त्यात होतं. सेन्सॉर मंडळाने आधी परवानगी नाकारली. पुन्हा दंगल पेटेल म्हणून गोरे धर्मगुरू घाबरले, तसे काळेही घाबरले. बरीच कापाकापी होऊन चित्रपट लागला. मिशोने मात्र पुढच्या खेळांची जाहिरात करताना कापलेली दृश्यं पुन्हा जोडल्याचंच भांडवल केलं.

गोष्ट आहे सिल्व्हिया लँड्री या शिक्षिकेची. एव्हलिन प्रीअर या गुणी अभिनेत्रीने ती भूमिका केली आहे. दक्षिणेतल्या गरीब काळ्या मुलांच्या शाळेसाठी ती उत्तरेत पैसे जमवायला जाते. तिचा भूतकाळ अगदी शेवटी उलगडतो. सिल्व्हियाचा पालक बाप जॅस्पर लँड्री हा खंडाने शेती करणारा कूळ. सिल्व्हिया शिकलेली, त्यामुळे घरचा हिशेब तीच ठेवते. वर्षानुवर्षं जमीनदार सांगेल तो आकडा मान्य करणारा जॅस्पर या वेळी मुलीने लिहिलेला हिशेबाचा कागद घेऊन वाड्यावर जातो. जमीनदार भडकतो. तेवढ्यात, त्याच जमीनदाराने नाडलेला एक गोरा माणूस खिडकीतून गोळी झाडतो. जमीनदार पडतो आणि आळ येतो जॅस्परवर. कारण चहाडी करणारा एफ्रेम, जमीनदाराचा लाडका काळा नोकर, धावत जाऊन गावाला सांगतो की जॅस्परने मालकाला मारलं. गोऱ्यांची मर्जी आपल्यावर आहे या भ्रमात असलेल्या एफ्रेमलाही झुंड सोडत नाही. दुसरं सावज हाती लागेपर्यंत ती त्यालाच लटकावते. मग जॅस्पर आणि त्याची बायको सापडतात. या झुंडीत बायका आहेत, पोरंटोरं आहेत. जत्रेला यावं तशी ती माणसं आली आहेत. हे दृश्य मी कितीही वेळा पाहिलं तरी मला त्या फासापेक्षा भोवतालची ही गर्दी जास्त छळते.

आणि त्याच वेळी, एकाआड एक दृश्य जोडत, मिशो दाखवतो की घरात एकट्या सापडलेल्या सिल्व्हियावर जमीनदाराचा भाऊ हात टाकतो आहे. झटापटीत तिच्या छातीवरचा व्रण त्याला दिसतो. त्याच्या लक्षात येतं की ही आपलीच मुलगी आहे. ग्रिफिथने दृश्यांची अशीच सरमिसळ करून गोऱ्या स्त्रीच्या अब्रूचा आक्रोश केला होता. मिशोने तेच तंत्र घेऊन अत्याचार कोण कुणावर करत आलं आहे ते दाखवलं, आणि त्याचा पुरावा म्हणून सिल्व्हियाचं अस्तित्वच समोर ठेवलं. चित्रपटाच्या इतिहासात इतकं नेमकं प्रत्युत्तर मला तरी दुसरं माहीत नाही. आणि लक्षात घ्या, हा सगळा अनर्थ घडतो तो एका कुळाने स्वतःच्या मुलीकडून हिशेब लिहून घेतला म्हणून. बाबूराव पेंटरांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’ची इथे आपल्याला आठवण होणारच. खोट्या कागदाने जमीन गमावणारा शेतकरी कोल्हापूरच्या कॅमेऱ्याला दिसला, त्याच्या पाचच वर्षं आधी शिकागोच्या कॅमेऱ्याला जॅस्पर दिसला होता. तो मूक ‘सावकारी पाश’ही आज आपल्या हाती नाही.

मिशोच्या धंद्याची रीत सांगितल्याशिवाय त्याची कारकीर्द कळणार नाही. अमेरिकेत त्या वेळी काळ्या प्रेक्षकांसाठी चालणारी काही शे थिएटरं होती. त्याखेरीज दक्षिणेतले काही गोरे थिएटरमालक मध्यरात्री, त्यांचे नेहमीचे प्रेक्षक घरी गेल्यावर, काळ्या प्रेक्षकांसाठी खेळ लावत. बाजारपेठ एवढीच. मिशो उन्हाळ्यात एक चित्रपट पुरा करायचा आणि पुढच्या चित्रपटातल्या नटांचे फोटो घेऊन मोटारीने गावोगाव निघायचा. थिएटरमालकासमोर फोटो पसरायचे, गोष्ट रंगवून सांगायची आणि आगाऊ रक्कम घ्यायची. त्या रकमेतून चित्रीकरण. उंचापुरा, धिप्पाड माणूस, अंगात लांब कोट, बोलण्यात जरब. जाहिरातीतही तो हुशार होता. लॉरेन्झो टकर या देखण्या नटाला त्याने, हॉलिवूडच्या लाडक्या नटाच्या नावावरून, ‘काळा व्हॅलेंटिनो’ म्हणून खपवलं. प्रती मोजक्याच निघत आणि झिजून तुकडे पडेपर्यंत एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत. राज्याराज्यांत सेन्सॉर वेगळे, त्यामुळे एकाच चित्रपटाची कापाकापी ठिकठिकाणी निराळी. त्याचे चित्रपट नामशेष का झाले याचं उत्तर या व्यवहारात आहे. ज्या मोजक्या रिळांवर पोट भरायचं, तीच रिळं खपून गेली.

१९२५ च्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये त्याने पॉल रोबसनला पहिल्यांदा पडद्यावर आणलं. रोबसन तोवर रंगभूमीवर नावारूपाला आलेला. इथे त्याला दुहेरी भूमिका मिळाली. एक पाद्र्याच्या झग्यातला बदमाश, दुसरा त्याचा सरळमार्गी भाऊ. भाबड्या बाईने कपडे धुऊन, इस्त्री करून मुलीसाठी साठवलेले पैसे हा पाद्री लुबाडतो. या पाद्र्यात मिशोच्या सासऱ्याची सावली दिसते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या समाजातल्या ढोंगावर बोट ठेवण्याची हिंमत दिसते. समाजाची अब्रू चव्हाट्यावर मांडतो म्हणून त्याच्यावर टीका झाली. न्यू यॉर्कच्या सेन्सॉरनेही आक्षेप घेतला आणि त्याला चित्रपट पुन्हा कापावा-जोडावा लागला.

टीका नेहमीच चुकीची नव्हती. मिशोच्या नायक-नायिका बहुधा उजळ वर्णाच्या, आणि विनोदी किंवा नीच पात्रं बहुधा गडद वर्णाची असत. बाहेरच्या वर्णद्वेषाशी लढणाऱ्या माणसाच्या नजरेतही तो वर्णद्वेष काही अंशी मुरला होता. १९३८ च्या ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रन’ या चित्रपटाविरुद्ध न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत निदर्शनं झाली आणि थिएटरला तो उतरवावा लागला. निदर्शकांचं म्हणणं मला पटतं. आपल्या समाजाने आळस सोडावा, उद्योग करावा, हा त्याचा उपदेश कधी कधी सरळ समाजाच्या बदनामीपर्यंत जायचा. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे दुखणं समजावून सांगायची गरज नाही.

१९२८ मध्ये त्याची कंपनी दिवाळखोरीत गेली. मग बोलपट आले आणि ध्वनीचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. १९३१ चा ‘द एग्झाइल’ हा काळ्या दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट. पण त्याला पैसा पुरवला हार्लेममधल्या गोऱ्या थिएटरमालकांनी. ज्या मालकीसाठी त्याने लिंकन कंपनीला नकार दिला होता, तिच्यात आता दुसरे भागीदार आले. त्याच्यासोबतच्या बहुतेक काळ्या निर्मात्यांनी तोवर गाशा गुंडाळला होता. तो टिकला, यात दुसरी पत्नी ॲलिस रसेल हिचा वाटा मोठा आहे. ती त्याच्या चित्रपटांत अभिनय करायची आणि निर्मितीचा व्यापही सांभाळायची. इतिहासाच्या पुस्तकांत तिला आणखी जागा मिळायला हवी.

१९४० नंतर त्याने चित्रपट थांबवून पुन्हा कादंबऱ्या लिहिल्या आणि पुन्हा स्वतः विकल्या. १९४८ मध्ये शेवटचा डाव म्हणून ‘द बिट्रेयल’ काढला. तीन तासांहून लांब. तो ब्रॉडवेवरच्या मॅन्सफिल्ड थिएटरात लागला, आणि काळ्या निर्मात्याच्या चित्रपटाला असा मान पहिल्यांदाच मिळाला. समीक्षकांनी तो झोडपला, प्रेक्षक आले नाहीत, पैसा बुडाला. २५ मार्च १९५१ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरी, कामानिमित्त फिरतीवर असताना, मिशो वारला. कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड इथे त्याला पुरलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मग सत्तरच्या दशकात माद्रिदच्या चित्रपट संग्रहालयात ‘ला नेग्रा’ नावाचं एक मूक चित्र सापडलं. तो ‘विदिन अवर गेट्स’ होता. पाट्या स्पॅनिश. मिशोची मूळ वाक्यं जवळपास सगळी गेलेली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मध्ये त्याचं पुनरुज्जीवन केलं, तेव्हा त्या पाट्या स्पॅनिशमधून परत इंग्रजीत आणाव्या लागल्या. क्लानशी सामना करणारा ‘द सिम्बॉल ऑफ द अनकॉन्कर्ड’ हा त्याचा आणखी एक चित्रपट बेल्जियममध्ये मिळाला. ज्या देशाने त्याला मध्यरात्रीच्या खेळापुरती जागा दिली, तिथे या दोन चित्रपटांची प्रत उरली नाही. परदेशी कपाटात उरली. पुढे मान मिळाले. १९८६ मध्ये अमेरिकी दिग्दर्शकांच्या संघटनेचा पुरस्कार, १९८७ मध्ये हॉलिवूडच्या पदपथावरचा तारा, २०१० मध्ये टपाल तिकीट. सगळे मरणोत्तर.

आपली स्थिती काही वेगळी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायरांनी फाळक्यांची रिळं हुडकून काढली नसती, तर ‘कालिया मर्दन’ आपण फक्त वाचून ओळखला असता. भारतीय मूकपटांपैकी जे वाचले ते अशा एकेका माणसाच्या वेडापायी. म्हणून व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना आणि तुम्हा सगळ्यांना माझी एक विनंती आहे. ‘विदिन अवर गेट्स’ सव्वा तासाच्या आसपासचा आहे, आणि त्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. येत्या महिन्यात या सभागृहात त्याचा खेळ लावा. पाट्यांचा मराठी अनुवाद करून द्यायची जबाबदारी मी घेतो. आणि गावात कुणाच्या माळ्यावर, जुन्या तंबू थिएटरच्या सामानात, रिळांचे डबे पडलेले असतील तर ते भंगारात घालण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.